बुडबुडा नसलेला गोळा

बाबा गेल्यानंतर दोन महिन्यांनी आई म्हणाली, "मला नवा गोळा घ्यायचाय. या वेळी खऱ्या स्फटिकाचा. जुना काचेचा होता, म्हणून खोटं बोलला."

मी वाद घातला नाही.

आईला भविष्य सांगायचा नाद होता. धंदा तो कधीच नव्हता. दुपारी शेजारच्या बायका जमायच्या, टेबलावर काळं कापड अंथरलं जायचं आणि त्यावर गोळा ठेवला जायचा. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना तिने एकदा घरात मोठं घबाड येणार असं सांगितलं. आठवड्याभरात त्यांच्या सासूबाई तीन ट्रंका घेऊन कायमच्या राहायला आल्या. "घबाड आलं हो," शिंपीणबाई म्हणाल्या, "आता ते परत कधी जाईल, तेवढं बघा की जरा!" आई स्वतःच सगळ्यांत जास्त हसली होती.

बाबा चष्म्याच्या काचा घासायचे. "आमच्या घरात दोघांचंही काम एकच," ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "मी जवळचं दाखवतो, ही लांबचं. फक्त माझं चुकलं तर काच बदलून मिळते." तो गोळाही त्यांनीच केला होता. एका हिवाळ्यात, दुकान बंद झाल्यावर, भिंगाच्या चांगल्या काचेचा एक ढेकळाएवढा तुकडा दोन लोखंडी वाट्यांमध्ये धरून, कुरुंदाची पूड घालून, तीन महिने घासत बसले होते.

गेल्या वर्षी त्यांचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासणी लिहून दिली. त्या संध्याकाळी आईने गोळ्यात पाहिलं. तिला बाबा अगदी म्हातारे दिसले, हातात काठी, कुणावर तरी खेकसत असलेले. "बघ, घरच्या डॉक्टरने मला ठणठणीत ठरवलंय," असं मला म्हणत बाबांनी ती चिठ्ठी खणात टाकून दिली. पुढे ते तपासणीला गेले ते दुखणं सोसवेना म्हणून. त्यानंतर पाच आठवडेच जगले.

तेव्हापासून आईपुढे दोनच गोष्टी होत्या. एक तर गोळा खोटा, नाही तर ती. तिने गोळा खोटा ठरवला होता आणि त्या आधारावर ती जेवत होती, झोपत होती, केस विंचरत होती. ते टिकावं एवढंच मला हवं होतं. माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करावं, यावर मी आयुष्यभर पुष्कळ वाचलं आहे. त्यातलं काही उपयोगी पडेना, तेव्हा मी एक साधी लबाडी करायचं ठरवलं.

नवा गोळा घ्यायला जायच्या आदल्या दिवशी मी एकटीच स्फटिक विकणाऱ्या खडेवाल्यांकडे गेले. साठीचे गृहस्थ, भुवयांवर दगडाची पांढरी भुकटी. मी सगळं सांगितलं. उद्या आई जुना गोळा दाखवेल, तेव्हा म्हणा की आत बुडबुडा आहे, म्हणजे दोष काचेचाच ठरेल.

"आणि नसला तर?"

"तरी म्हणा."

त्यांनी कान खाजवला. "माल खपवायला खोटं बोललोय मी, नाही असं नाही. दुसऱ्याच्या मालाबद्दल कधी नाही बोललो." पण मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं. आणा आईंना."

दुसऱ्या दिवशी त्यांनी काउंटरवर तीन गोळे मांडले आणि एका कागदावर पेन्सिलीने रेघ ओढली. "ताई, यातला कुठलाही रेघेवर ठेवा."

आईने मधला उचलून ठेवला. आत दोन रेघा दिसल्या.

"ही खोड आहे का हो, भाऊ?"

"खोड नाही, तीच खूण. स्फटिक असेल तर एकाची दोन दिसतात. काच असेल तर एकच."

"आमच्या घरात एकाचं दोन दिसलं असतं, तर काच कचऱ्यात गेली असती," आई म्हणाली, पण तिचे डोळे चमकले होते. तिने गोळा फिरवला. रेघा जवळ आल्या, एक झाल्या, पुन्हा फाकल्या. दोन महिन्यांत मी तिला एखाद्या वस्तूकडे इतकं मन लावून बघताना पाहिलं नव्हतं. "म्हणजे काच ती काचच. ह्यांनी तरी काय करावं? मुळात जिन्नसच तसला."

इथे थांबायला हवं होतं. तिला हवं ते मिळालं होतं. पण तिने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला बाबांचा गोळा काढला आणि खडेवाल्यांपुढे ठेवला, आणि त्यांनी आमचं ठरलेलं वाक्य म्हटलं.

"याच्यात बुडबुडा आहे, ताई. बारीक आहे. पण आहे."

आईने मान वर केली. "कुठे?"

"हा काय, आत."

"दाखवा."

बाबा घासायचे आणि आई तपासायची. एकतीस वर्षं दुकानातून बाहेर जाणारी प्रत्येक काच आधी तिच्या हातात यायची, दिव्यापुढे धरली जायची, आणि ओरखडा दिसला की बाबांकडे परत. मी त्या घरात वाढले आणि नेमकं हेच विसरले.

तिने गोळा घेऊन दाराजवळच्या उजेडात धरला. सावकाश फिरवला. एक फेरा, आडवा. एक फेरा, उभा.

"भाऊ, तुमचा धंदा आहे, तुम्ही तुमचा माल विका. पण ह्यांच्या हातच्या कामाला नाव ठेवू नका. यात बुडबुडा नाही. शीर नाही. केसाएवढा डाग नाही. हा गोळा मी स्वतः पास केलाय."

खडेवाले माझ्याकडे पाहायला लागले. आईनेही मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

"तू सांगितलंस यांना?"

"आई, मला वाटलं..."

"काचेत काही नाही," ती म्हणाली. मघाचा आवाज गेला होता. "काचेत काहीच नव्हतं."

खडेवाल्यांनी मधला गोळा थोडा पुढे सरकवला. "हा न्यायचा का, ताई? घरी ठेवून तर बघा."

"नको. गोळा बदलला तरी बघणारी तीच आहे."

तिने रुमालाच्या गाठी नीट मारल्या. रस्त्यावर आलो. ऊन होतं, माणसं होती, कुणीतरी टेम्पोतून गाद्या उतरवत होतं. सिग्नलपाशी ती थांबली.

"दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टर तुला बाजूला घेऊन काय म्हणाले होते?"

इतके दिवस मी 'काही नाही' असं सांगत आले होते. सिग्नल सुटला. आम्ही दोघी जागच्या हललो नाही.

"चिठ्ठी दिली तेव्हाच आले असते, तर ऑपरेशन होण्यासारखं होतं, म्हणाले."

"आणि वाचले असते?"

"बहुतेक."

तिने मान हलवली. रडली नाही. मी तिचा हात धरायला गेले, तर तिने पिशवी त्या हातात घेतली आणि माझ्या पुढे चार पावलं अंतर ठेवून रस्ता ओलांडला.