जुळ्यांचं वजन

भावाचा पाय मोडला आणि त्याची चाळीस कोकरं थोरल्या बहिणीच्या गळ्यात पडली. ती शाळेत गणित शिकवायची. सुट्टी होती, म्हणून "त्यात काय एवढं!" असं म्हणून बसली खरी, पण पहिल्याच सोमवारी ताणकाट्याला झोळी अडकवून कोकरं तोलून भावाच्या वहीतल्या मागच्या वजनांशी ताडली, तेव्हा तिला मेख कळली. एकेकटी जन्मलेली कोकरं दिवसाला दोनशे ग्रॅम चढत होती. जुळी मात्र शंभरावरच अडली होती.

खोलीतून भाऊ ओरडला, "ताई, जुळी किती भरली?"

"तेरा किलो." काटा अकरा दाखवत होता. पडल्या पडल्या त्याच्या जिवाला घोर नको, एवढंच तिच्या मनात होतं.

पुढच्या सोमवारी खोटं आणखी फुगलं. "पंधरा."

"वा! मग शुक्रवारी तोड त्यांना आयांपासून. मेंढ्याही पार वाळल्यात."

बाराच किलोची ती पिल्लं दुधाशिवाय कशी तग धरणार? आणि खरं सांगायला आता जीभ रेटेना. भाऊ एकेकाला मूठभर मका द्यायला सांगायचा; तिने जुळ्यांपुढे घमेलंच भरून ठेवलं. चार दिवसांत भरतील, असा हिशेब.

बुधवारी सकाळी जुळ्यांतलं कानावर ठिपका असलेलं कोकरू आडवं पडलं होतं. पोट टम्म, दात करकर वाजताहेत.

गुरांचे डॉक्टर आले. "काय खाल्लंय?"

"मका."

"किती?"

भावाची खिडकी उघडीच होती. तिने सगळं सांगितलं. मक्याचं, आणि वजनांचंही.

डॉक्टरांनी नळीने खाण्याच्या सोड्याचं पाणी कोकराच्या पोटात सोडलं. मग दुसऱ्या जुळ्याच्या पाठीवर तिची बोटं ठेवली. "कणा लागतोय ना? इथे मांस धरतं ते दुधावर, हळूहळू. मक्याचा मारा केला तर जगलेल्यांच्या अंगावर नुसती चरबी चढेल. पण ताई, ही जन्मतःच हलकी असणार. आई शेवटच्या महिन्यात अर्धपोटी होती का?"

तिला काय ठाऊक!

"होती," खिडकीतून भाऊ म्हणाला. "चारा आटला होता. पोटात दोन आहेत हे मी ओळखायला हवं होतं." मग म्हणाला, "ताई, मी काय तुला खाल्लं असतं का गं?"

तिला रडू आवरेना. ती तशीच कोकराचं पोट चोळत बसली.

दुपारी ते उठलं. लटपटत दोन पावलं चाललं आणि आईच्या कासेला लागलं. जुळ्यांना तोडणं महिनाभर लांबलं. ते कोकरू जगलं, पण बाकीच्यांच्या बरोबरीला कधीच आलं नाही. कळप चरायला निघाला की ते नेहमी मागे राही, आणि ती त्याच्यासाठी फाटक धरून उभी असे.