पाळक, मालक आणि नऊ सह्या

सभेत हात वर करणं हा फार सोपा व्यायाम आहे. त्याला डोकं लागत नाही, खांदा पुरतो. आपण सगळ्यांनीच तो सोसायटीत, संस्थेत, कचेरीत कधी ना कधी केलेला आहे. छापखान्यातल्या एका मुद्रितशोधकानेही तो बुधवारी संध्याकाळी आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या समितीत केला आणि घरी येऊन जेवायला बसला.

"आज काय ठरवलंत?" आईने विचारलं.

"प्रार्थनामंदिराची मागची खोली पाळकसाहेबांच्या विश्रांतीला द्यायची."

"म्हणजे माझ्या वर्गाची खोली."

"हो, म्हणजे... तशी तीच."

"आणि तू काय केलंस?"

"सगळ्यांनीच हात वर केला, आई."

"काखेत खाज सुटली असेल," आई म्हणाली आणि तिने भाजीचं भांडं त्याच्यापासून लांब सरकवलं.

आई निवृत्त शिक्षिका. एकोणीस वर्षं ती त्या खोलीत मोठ्या वयाच्या बायकांना वाचायला शिकवत होती. वर्ग मात्र तिच्याहून जुना. तो मंडळीच्या पहिल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, सुरू केला होता. ते पोत्यात पुस्तकं भरून पायी हिंडायचे आणि जिथे जायचे तिथे आधी अक्षरं शिकवायचे, मग उपदेश करायचे. लोक म्हणत, "तुम्ही सांगता ते पुरे, वाचायचं कशाला?" ते म्हणत, "मी सांगतो म्हणून मानू नका. शास्त्र उघडा, वाचा आणि मी चुकलो तर मला पकडा."

आताचे पाळकसाहेब वेगळ्या काळाचे. गालाला चिकटलेला माइक, पाठीमागे तीन पडदे, उपदेश फोनवर देशोदेशी. माणूस वाईट नव्हता. बोलायचा सुंदर. त्यांच्या शब्दाने चार जणांची दारू सुटली होती, हेही खरं. पण सहा वर्षांत त्यांना कोणी 'नाही' म्हटलेलं नव्हतं. ज्याला कोणी 'नाही' म्हणत नाही, त्याला 'हो'सुद्धा हळूहळू ऐकू येईनासं होतं. पंख्याचा आवाज जसा सवयीने ऐकू येत नाही, तसं.

मंडळीचा वर्धापनदिन जवळ आला होता आणि त्यानिमित्त एक पुस्तिका निघायची होती : 'प्रभावी पुढारी, तेव्हाचे आणि आताचे'. तेव्हाच्यांना दोन पानं मिळाली होती, आताच्यांना चौदा. त्या चौदा पानांत अकरा फोटो होते आणि अकराही फोटोंत एकच माणूस होता, कोट तेवढे वेगळे. मुद्रितं समितीच्या नऊही जणांनी वाचून सह्या केल्या होत्या. दहावी सही खुद्द साहेबांची. खाली 'उत्तम!' असा शेराही होता.

गुरुवारी मुद्रितशोधक फळा उतरवायला वर्गात गेला. आईने त्याच्या पिशवीतून पुस्तिकेचं पहिलं पान काढलं आणि इस्त्रीवाल्या मावशींच्या हातात दिलं.

"शेवटचा आठवडा आहे. वाचा मोठ्याने."

मावशींनी फोटोखाली बोट ठेवलं. "आ...प...ल्या. आपल्या. स...र्वां...चे. ला...ड...के. लाडके." बोट थांबलं. "मा... ल... क. मालक! बाई, साहेब मालक आहेत होय? मी आपली पाळक समजत होते."

"घाईत वाचू नका," आई म्हणाली.

"घाई कुठली? मला जमते तरी का घाई? हा 'प' नाही, 'म' आहे. बघा, गाठ आहे त्याला. पुढेही 'ळ' नाही, 'ल' आहे. तुम्हीच शिकवलंत."

मुद्रितशोधकाच्या हातातला पेचकस खाली पडला. सव्वीस वर्षांची नोकरी, आणि पहिल्याच पानावर फोटोखाली मालक! त्याने छापखान्यात फोन लावला. जुळणी करणारा म्हणाला, "आपल्याकडे भाडेपावत्याच जास्त छापतात हो. बोटांना मालकाची सवय."

"बरं झालं, छापण्याआधी सापडलं," मुद्रितशोधकाने घाम पुसला. "आत्ताच्या आत्ता दुरुस्त करतो. विषय संपला."

"दुरुस्त कर," आई म्हणाली. "पण आधी साहेबांना दाखव."

"काहीतरीच! रागावतील ते."

"रागावू देत. अरे, दहा शिकलेल्या माणसांनी वाचलं आणि एकालाही खटकलं नाही. ही चूक छापखान्याची आहे का? तुमच्या मनात जे होतं तेच कागदावर उतरलं, म्हणून डोळ्याला बोचलं नाही."

"पुढाऱ्याला मान द्यायचा नाही का आई?"

"द्यायचा ना! मान देणं वेगळं आणि मान डोलावणं वेगळं. देणाऱ्याची मान ताठ राहते."

शुक्रवारी मायलेक साहेबांच्या दाराशी पोचले. मदतनीस कुजबुजला, "साहेब चिंतनात आहेत." आतून केस वाळवायच्या यंत्राचा आवाज येत होता. चिंतन वाळल्यावर दोघांना आत घेतलं.

"हे पान? मी पाहिलंय. सुरेख झालंय."

"साहेब, फोटोखालचं एकदा मोठ्याने वाचता?"

"आपल्या सर्वांचे लाडके पाळक," साहेबांनी घडाघडा वाचलं.

"अक्षरं लावून वाचा," आई म्हणाली. साहेबांना बऱ्याच वर्षांनी कोणीतरी शाळेत बसवलं होतं.

"आपल्या सर्वांचे लाडके मा..."

साहेब थांबले. मान वर न करता म्हणाले, "छापखान्याचा हलगर्जीपणा!"

मुद्रितशोधकाने आता 'हो' म्हटलं की त्याची सुटका होती. साहेबांची मर्जी राहणार होती, समितीतली खुर्ची राहणार होती. फक्त वर्ग जाणार होता.

"नाही, साहेब," तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं. "छापखाना एकदा चुकला. आम्ही नऊ वेळा चुकलो. आणि बुधवारी मी हात वर केला, तेही चुकलंच. ती खोली वर्गाची आहे. ती वर्गाकडेच राहावी."

साहेबांनी डोळे मोठे केले. "खोली? मी कुठे खोली मागितली?"

"समितीने ठराव केला ना, तुमच्या विश्रांतीसाठी."

"मी एवढंच म्हणालो होतो, की व्यासपीठावर फार उकडतं!"

आई हसली, आणि तिने हसू लपवलंही नाही. "बघा साहेब. तुम्हाला नुसतं उकडलं, तर चोवीस बायका रस्त्यावर आल्या. शिंकला असतात तर काय झालं असतं?"

साहेबांनी त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं. मग हळू म्हणाले, "ठराव माझ्यासमोर आला तेव्हा मी आभार मानले, बाई. खोलीत कोण बसतं हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्यात समितीचा दोष नाही. तो माझाच."

पुस्तिका निघाली. साहेब पुन्हा पाळक झाले, त्यांनी स्वतःचे आठ फोटो स्वतःच्या हाताने गाळले आणि पहिल्या पाळकांची हकिगत आठ पानांची झाली. ठराव रद्द झाला. व्यासपीठावर एक पंखा आला. ही सूचना आधी कोणालाच सुचली नव्हती.

रविवारी उपदेश संपल्यावर साहेबांनी माइक काढला आणि विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" समिती छताकडे बघू लागली. मग मागच्या बाकावरून इस्त्रीवाल्या मावशी उठल्या.

"साहेब, उपदेश चांगला होता. पण तो वीस मिनिटांत संपला होता. पुढची पंचवीस मिनिटं काय चाललं होतं?"

साहेब आधी लाल झाले, मग खो खो हसले. ते हसल्याची खात्री झाल्यावर समितीही हसली. सवय काही एका आठवड्यात जात नाही!

बंधुभगिनींनो, पुढारी देवळातला असो, संस्थेचा असो की देशाचा, तो प्रभावी असावाच. पण त्याचा प्रभाव गर्दीवरून मोजू नका. त्याला तोंडावर प्रश्न विचारून किती जण निर्धास्त घरी जातात, तेवढं मोजा. तो आकडा शून्य असेल, तर दोष एकट्या त्याचा नाही. त्याला मालक करणाऱ्या सह्या आपल्याच असतात.