मास्तरीणबाईंची शेवटची आंघोळ

चर्चच्या मंडळीतली कुणी बाई वारली की पहिलं बोलावणं मावशीला यायचं. मावशी म्हणजे कुणा एकाची मावशी नव्हे. सरकारी हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात ती तीस वर्षं आया होती, तिथं सगळे तिला मावशी म्हणायचे, आणि निवृत्त झाल्यावर तेच नाव तिच्याबरोबर चर्चमध्ये आलं. गेलेल्या बाईला आंघोळ घालायची, केस विंचरायचे, स्वच्छ कपडे घालून पेटीत ठेवायचं, हे काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. "मला गाता येत नाही, आणि प्रार्थनेला उभी राहिले की जीभ टाळूला चिकटते," ती म्हणायची. "देवानं हात दिलेत, ते वापरते."

त्या दिवशी सकाळी निरोप आला की मास्तरीणबाई गेल्या. मावशीनं पिशवीत साबण, दोन टॉवेल, कापूस आणि कात्री घातली. सोबतीला महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई निघाल्या. पेटी दुपारी यायची होती, तोवर सगळं उरकायचं होतं.

मास्तर म्हणजे मंडळीतलं मोठं प्रस्थ. शाळेतून निवृत्त झालेले, चर्चच्या कमिटीवर वीस वर्षं. आवाज असा की नुसती हजेरी घेतली तरी लोकांनी आमेन म्हणावं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली, आणि तेव्हापासून दर रविवारी मास्तर उपासनेत दोन्ही हात वर करून प्रार्थना करायचे, "प्रभो, या हातांना तिची सेवा करायचं बळ दे." बायका डोळे पुसायच्या आणि घरी जाऊन नवऱ्यांना म्हणायच्या, बघा, नवरा असावा तर असा. कुणी मदतीला येते म्हटलं की मास्तर मान हलवायचे. "नको. हा माझा क्रूस आहे, मला एकट्याला वाहू द्या."

महिला मंडळ महिन्यातून एकदा समाचाराला जायचं. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटात मास्तरांची बक्षिसं, टेबलावर पांढरंशुभ्र कापड, हवेत कसलासा गोड सुवासिक फवारा. आतल्या खोलीचं दार लावलेलं. "आत्ताच डोळा लागलाय तिचा," मास्तर हळू आवाजात सांगायचे. मग बायका दाराशी उभ्या राहून गीताची दोन कडवी म्हणायच्या, चहा घ्यायच्या, बिस्किटं खायच्या आणि पुण्य गाठीला बांधून घरी जायच्या. मावशीही त्यांच्यात असायची.

आज ते दार पहिल्यांदा उघडलं.

अध्यक्षीणबाईंनी एक पाऊल आत टाकलं आणि तोंडावर हात दाबून मागच्या मागे अंगणात पळाल्या. त्यांच्या ओकण्याचा आवाज आतपर्यंत आला. मावशी मात्र उभी राहिली. खिडकीच्या फटींवर कागद चिकटवले होते. कोपऱ्यात एक बादली होती, तिच्यावर माश्या. पलंगावर प्लास्टिकचा कागद, त्यावर चादर, आणि ती चादर मास्तरीणबाईंच्या पाठीला वाळून चिकटली होती. ओढून निघेना. मावशीनं कोमट पाणी सोडत सोडत, बोटभर बोटभर करत ती सोडवली. कमरेच्या वर मूठ जाईल एवढा खड्डा होता. आत हाड पांढरं दिसत होतं, आणि कडेला काहीतरी वळवळत होतं. केसांची जटा होऊन उशीचाच एक भाग झालेली. नखं वाढून तळव्यात रुतलेली.

हॉस्पिटलात तिनं बेवारस बायका धुतल्या होत्या, गटाराच्या कडेनं उचलून आणलेल्या. त्यांची तिला कधी किळस आली नव्हती. पण त्या गटाराच्या कडेच्या होत्या. ही बाई त्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथपासून बारा पावलांवर पडली होती.

अध्यक्षीणबाई दारापर्यंत परत आल्या, नाकावर रुमाल दाबून. "मावशी, लवकर आटपा. पेटी यायच्या आत सगळं झाकून टाका. कुणाला दिसता कामा नये."

"पाणी आणा," मावशी म्हणाली. "नुसतं उभं राहायचं असेल तर बाहेर राहा."

अध्यक्षीणबाईंनी पाणी आणलं. सात बादल्या लागल्या. शेवटच्या बादल्या आणताना त्या रडत होत्या, पण आत काही आल्या नाहीत, उंबऱ्यावरूनच द्यायच्या.

केस कापता कापता मावशीच्या लक्षात आलं की हा वास तिला नवा नाही. फवाऱ्याच्या गोड वासाखालून तो दीड-दोन वर्षं दर महिन्याला तिच्या नाकाशी येत होता. बाकीच्या बायकांना कळलं नसेल एक वेळ. तिला? तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई, दारातून वास घेऊन सांगायची की कुठल्या खाटेवर पाठ सडायला लागलीय. तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. कळलं होतं आणि तिनं मनाला सांगितलं होतं, मास्तर करतायत ना, आपण कोण सांगणार. आणि दुसरं बिस्किट उचललं होतं.

सगळं करून, कपडे घालून, कापलेल्या केसांवर रुमाल बांधून ती बाहेर आली. मास्तर इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसले होते.

"शांत दिसते ना?" त्यांनी विचारलं.

"मास्तर, तुम्ही तिची कूस शेवटची कधी बदललीत?"

मास्तरांनी आधी दाराकडं बघितलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मला घाण सहन होत नाही, मावशी. लहानपणापासूनच. रुमाल बांधून दोन वेळा भरवायचो. बाकीचं नाही जमलं."

"मग सांगायचं होतं. आम्ही बायका होतो ना."

"लोक काय म्हणाले असते?"

मावशीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. त्या चेहऱ्यावर लाज होती, पण ती लाज आतल्या खोलीतल्या बाईची नव्हती, लोकांची होती. अंगावर पाल पडावी तशी ती शहारली आणि पिशवी उचलून निघाली.

दफनाच्या वेळी चर्चच्या पाळकसाहेबांनी मास्तरांच्या सेवेवर अर्धा तास सांगितलं. मास्तर उभे राहून म्हणाले, "प्रभूनं दिलं, प्रभूनं नेलं," आणि तो आवाज असा कापला की पेटीला खांदा दिलेले चार गडीही हुंदके द्यायला लागले. मावशीनं मातीची मूठ टाकली आणि कुणाशी न बोलता घरी आली. दोन दिवस तिच्या घशाखाली घास उतरेना. सून म्हणाली, "आई, डॉक्टरकडं जाऊ या का?"

"पोटाचं नाही गं ते," मावशी म्हणाली. "मला माझीच शिसारी आलीय."

आठवड्यानं पाळकसाहेब स्वतः आले. माणूस तरुण, सरळ, पण सगळ्यांना धरून राहायच्या नादात कुणालाच न दुखवणारा. पुढच्या रविवारी कुटुंबांसाठी खास उपासना होती. कमिटीनं ठरवलं होतं की त्या दिवशी मास्तरांचा सन्मान करायचा. मावशीनं दोन शब्दांची साक्ष द्यावी, मास्तरीणबाई कशा शांतपणे प्रभूच्या घरी गेल्या ते सांगावं.

मावशीनं त्यांना काय पाहिलं ते सगळं सांगितलं. खड्डा, जटा, नखं. काही गाळलं नाही. पाळकसाहेबांच्या हातातला कप खाली ठेवला गेला.

"मावशी," ते म्हणाले, "गेलेल्या बाईची अब्रू झाकणं हीसुद्धा सेवाच आहे."

"तिची अब्रू कुठं उघडी पडतेय, साहेब? तिनं काय केलं? तुम्ही झाकताय ती मास्तरांची. आणि माझी."

"मंडळी फुटेल. आपल्याला क्षमा करायला शिकवलंय."

"ज्या बाईच्या पाठीला भोकं पडली तिनं क्षमा करावी. मी तिच्या नावानं कशी वाटू? माझ्या घरची आहे का ती?"

पाळकसाहेब उठले. दारात थांबून म्हणाले, "मग तुम्ही साक्ष देऊ नका. मी दुसऱ्या कुणाला सांगतो." चांगला माणूस होता, आणि म्हणूनच मावशीला त्याचा जास्त राग आला. वाईट माणसाकडून अपेक्षाच नसते.

रविवारी चर्च भरलं होतं. मास्तर पहिल्या बाकावर. पापांगीकाराची वेळ आली, म्हणजे सगळ्यांनी मान खाली घालून आपापली चूक मनातल्या मनात देवाला सांगायची वेळ. शांतता झाली आणि मावशी उभी राहिली.

"मी मोठ्यानं सांगते," ती म्हणाली. जीभ टाळूला चिकटत होती, तरी तिनं रेटलं. "मी मास्तरांच्या घरी दर महिन्याला जायचे. मला सडल्याचा वास यायचा. माणूस सडल्याचा. मला कळत होतं आणि मी चहा पिऊन यायचे. मास्तरीणबाईंना पाठीवर एवढाले खड्डे पडले होते, त्यात अळ्या होत्या. त्यांना कुणी कुशीवर वळवलं नाही, महिनोन्महिने. दार आतून बंद नव्हतं. मी ढकललं असतं तर उघडलं असतं. हे माझं पाप आहे. आणि आज इथं ज्यांचा सन्मान होणार आहे त्यांनी त्यांचं सांगावं."

कुणीतरी "बस, बस खाली" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं काठी आपटली. मास्तर सावकाश उठले. चेहरा दुःखी, आवाज मधाळ.

"मावशींचं वय झालंय," ते म्हणाले. "मढी धुऊन धुऊन माणसाच्या मनावर परिणाम होतो. मी त्यांना दोष देत नाही. पण त्या दिवशी त्या एकट्या नव्हत्या. आपल्या अध्यक्षीणबाई सोबत होत्या. त्यांनाच विचारा."

सगळ्या माना वळल्या. अध्यक्षीणबाई तिसऱ्या बाकावर, नवऱ्याशेजारी बसल्या होत्या. मास्तरांना त्यांची खात्री होती. ज्या बाईनं मंडळाची साधी सहलसुद्धा मास्तरांना विचारल्याशिवाय ठरवली नव्हती, ती काय बोलणार? त्या बसूनच राहिल्या. नवऱ्यानं त्यांचा हात दाबला, गप्प राहा म्हणून, आणि ते मागच्या बाकावरच्यांनाही दिसलं. त्यांनी हात सोडवून घेतला.

"मी पाणी आणून दिलं," त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. "सात बादल्या. पहिल्या चार बादल्यांचं पाणी काळं निघालं." मग आवाज चढला. "आणि मी मावशीला म्हणाले, झाकून टाका. मी म्हणाले! वासाचं विचारताय? वास मलाही यायचा. सगळ्यांना यायचा. दर वेळी घरी जाऊन कपडे धुवायला टाकायच्या की नाही सगळ्याजणी? सांगा ना आता."

बायकांपैकी कुणी "नाही" म्हटलं नाही. एक मुसमुसायला लागली, मग दुसरी. मास्तरांनी त्यांच्याकडं पाहिलं, पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेबांचे डोळे जमिनीला खिळले होते. मास्तरांनी आपलं गीतांचं पुस्तक उचललं आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेले. चालसुद्धा बिघडली नाही. सन्मानाचं प्रमाणपत्र चौकटीत घालून तयार होतं, ते वेदीमागच्या खोलीत तसंच राहिलं.

एवढ्यानं सगळं सुधारलं असं कुणी समजू नये. तीन कुटुंबांनी मावशीशी बोलणं सोडलं. चारचौघांत घाण उपसली म्हणून तिला नावं ठेवणारे, तिनं उपसलेल्या घाणीबद्दल अवाक्षर बोलत नव्हते. पाळकसाहेबांनी पुढल्या रविवारी आजाऱ्यांचा समाचार घेण्यावर उपदेश केला, चांगला केला, पण तीन वर्षं उशिरा. आणि मास्तर शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मंडळीत जाऊ लागले. सहा महिन्यांत तिथं त्यांना पुढच्या बाकावर जागा मिळाली. दिवंगत पत्नीसाठी ते अशी प्रार्थना करतात, की म्हणे ऐकणाऱ्याचं काळीज हलतं.

तिथूनच त्यांचं पत्र आलं. सुंदर अक्षर, सरळ ओळी. लिहिलं होतं, 'मावशी, तुम्ही माझ्यावर जो अन्याय केला त्याबद्दल मी तुम्हाला मनापासून क्षमा केली आहे.' सुनेनं वाचून दाखवलं. मावशीनं पुन्हा एकदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा तिचा कानांवर विश्वास बसला नाही.

"उत्तर लिहू का, आई?"

"काय लिहिणार? बोळा कर आणि टाक. नाहीतर थांब, हात लावू नकोस, मीच टाकते."

तो बुधवार होता. बुधवारी मावशी आणि अध्यक्षीणबाई मंडळीतल्या एका गवंड्याच्या आईकडं जायच्या. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं होतं, सून कामावर, आणि म्हातारीच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हतं. दोघी आत शिरल्या तशी ती पलंगावरून ओरडली, "आल्या का गं बया! हात गरम करून या आधी. मागच्या बुधवारी बर्फ लावलात मेल्यांनो!"

अध्यक्षीणबाईंनी बाह्या दुमडल्या. अजून त्यांचं नाक आक्रसायचं, ओकारी यायची, ती त्या गिळायच्या. मावशीनं तळवे एकमेकांवर घासून गरम केले, म्हातारीच्या पाठीखाली एक हात घातला, दुसरा गुडघ्याखाली.

"तीन म्हटलं की वळवायचं," ती अध्यक्षीणबाईंना म्हणाली. "एक, दोन..."

"हळू गं, रांडेच्यांनो!" म्हातारी किंचाळली. मावशीनं तिची पाठ उजेडात धरली आणि खालपासून वरपर्यंत नीट बघितली. लाल झाली नव्हती कुठं.