मावशीचे केस

मावशीने अंबाड्यातली पिन उपसली, मान झटकली, आणि तिचे केस खुर्चीच्या पाठीवरून धबाधबा खाली आले. कुरळे, दाट, हट्टी. आईच्या कारखान्यात, म्हणजे घरामागच्या लांबट शेडमध्ये, या केसांना फार मान होता. इथला प्रत्येक नवा कंगवा आधी त्यांच्यातून जायचा, आणि त्याचे निम्मे दात तिथेच राहायचे.

"कुठाय आजचा बळीचा बकरा?" मावशीने विचारलं.

भिंगरीने कंगवा पुढे केला. घरात तिला सगळे भिंगरीच म्हणत; एका जागी उभं राहणं तिला कधी जमलंच नव्हतं. आज मात्र पाय जमिनीला चिकटले होते.

आई मक्याच्या स्टार्चपासून कंगवे करायची. वापरून झाला की मातीत पुरायचा, आपोआप कुजून जायचा. कल्पना झकास, पण कंगवे बिस्किटासारखे मोडायचे. बळकटी यावी म्हणून आई कणसांची वाळलेली सालं दळून, वस्त्रगाळ करून त्यात मिसळायची. तरी मोडायचेच. काल जेवताना ती म्हणाली, "बास झालं. ही शेवटची खेप. टिकली नाही, तर उद्यापासून मशीनवर साधं प्लास्टिक." आणि भात नुसता चिवडत बसली.

ही शेवटची खेप भिंगरीची होती. मोडक्या कंगव्यांचा ढीग घेऊन तिने एकेक तुकडा भिंगाखाली पाहिला होता. जिथे सालांचं पीठ, तिथे दात कटकन तुटलेला. एका दातात मात्र चुकून लांबसा धागा राहिला होता. तो दात तडकला होता, पण सुटला नव्हता. धाग्याने दोन्ही बाजू घट्ट धरून ठेवल्या होत्या. मग तिने आईला ठासून सांगितलं, दळायचं नाही, चाळायचं नाही. सालांचे धागे सोलायचे, खडखडीत वाळवायचे आणि तसेच घालायचे. "कर तुला हवं ते," म्हणत आईने हात झटकले होते.

मावशीने कंगवा उजेडात धरला. त्याच्या अंगभर तपकिरी रेघा होत्या.

"याला दाढी आलीय का गं?"

"नक्षी आहे ती."

"दळायचा कंटाळा आला म्हण की सरळ."

आणि तिने कंगवा थेट मानेजवळच्या गुंत्यात खुपसला. दया नाही, माया नाही. आपल्या ताईने हा कंगव्यांचा नाद सोडावा, दोन घास सुखाने खावेत, असं ती कधीपासून सांगत होती. त्यावरून दोघी बहिणींचं धड बोलणंही उरलं नव्हतं. मावशी यायची, कंगवा मोडायची, जायची.

कर्रकन आवाज झाला. आईने डोळे मिटले.

"केस तुटले," मावशी म्हणाली. "कंगवा शाबूत आहे."

तिने डावीकडून ओढला, उजवीकडून ओढला, मग दोन्ही हातांनी. दात जरासे वाकले आणि परत सरळ झाले.

"मोडत का नाहीये हा?"

"डोकं उपटून निघेल तुझं," आई म्हणाली. "गुंता खालून सोडवायचा असतो. लहानपणापासून सांगतेय. आण इकडे."

तिने स्टूल ओढलं आणि मावशीच्या मागे बसली.

भिंगरी वाट बघत होती. आता आई शाबास म्हणेल, मावशी हार कबूल करेल. तिने चेहऱ्यावर थोडा नम्रपणाही आणून ठेवला होता.

"किती पांढरे झालेत गं तुझे," आई म्हणाली.

"तुझ्या काळजीने."

"माझी काळजी? मग माझे का नाही झाले?"

"तुला कुठे आहे काळजी कशाची."

मावशी आणखी काहीतरी पुटपुटली. आई खुदकन हसली, मग दोघीही हसत सुटल्या, पार डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कंगवा केसांतून वर-खाली जात होता, आणि त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

नम्रपणा फुकट गेला. भिंगरीने दोघींकडे बघत कोपऱ्यातलं एक साल उचललं आणि गालातल्या गालात हसत सोलायला घेतलं.

"भिंगरे," आई मान वर न करता, वेणीसाठी पेड वेगळे करत म्हणाली, "उद्या सालं जास्त लागतील. मकेवाल्याला सांगून ठेव."

"सकाळीच सांगितलंय," भिंगरी म्हणाली.