तिसगावचं मैदान वर आलं

तिसगावच्या मुलींचा बास्केटबॉल संघ जिल्ह्याची अंतिम मालिका का हरतो आहे, हे गावात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. पाच सामने, सगळे राहात्यात, तीन जिंकेल त्याचा चषक. पहिले दोन आपण हरलेले. कुणी म्हणतं, राहात्याच्या पोरी पेरू खाऊन उंच झाल्यात. क्रीडा मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब यांच्या मते जर्सीचा रंग चुकला. रंग त्यांनीच निवडलेला, पण माणूस मनमोकळा.

कर्णधार रोहिणीला कारणाशी काही घेणं नव्हतं. जिंकणाऱ्या संघाच्या कर्णधाराला पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. ती हुकली, तर सोमवारी आई भागूबाईबरोबर ऊसतोडीच्या ट्रॉलीत जागा होतीच. तिथं निवड समिती नसते.

दुसरा सामना हरून आल्यावर संघाचे प्रशिक्षक वैजनाथ सर सरावाला उभे राहिले. रोहिणीनं दहा चेंडू टाकले, दहाही रिंगमध्ये. राहात्यात हीच पोर दहातले आठ रिंगच्या अलीकडे टाकत होती. सरांनी गवंड्याकडून टेप मागवला. रिंग जमिनीपासून दहा फूट हवी. भरली नऊ.

"आप्पासाहेब, रिंग एक फूट खाली आहे."

"रिंग हाय तिथंच हाय. जमीन वर आलीय," आप्पासाहेब म्हणाले. "गेल्या साली मुरूम टाकला, त्यावर कच, त्यावर पेव्हिंग ब्लॉक. इकास केला आपण."

"मग खांब वर घ्या, नाहीतर ब्लॉक काढा."

"लोकार्पण झालंय, सर. लोकार्पण झालेलं उकरता येत न्हाई. त्यापरीस राहात्याला अर्ज करू. त्यांचं मैदान फूटभर वर घ्या म्हणावं."

अर्ज खरंच गेला. त्यावर सही आणि शिक्काही होता.

सरांनी मग आप्पासाहेब दशक्रियेला गेलेले पाहून फ्री थ्रोच्या रेषेवरचे सहा ब्लॉक उचलले आणि फूटभर खड्डा खणला. खड्ड्यात उभं राहिलं की रिंग बरोबर दहा फुटांवर. तीन दिवस रोहिणी खड्ड्यातून चेंडू फेकत होती. गुरं वळणाऱ्या रंगुबाईनं विचारलं, "काय गं, पाणी लागलं का?"

"न्हाई मावशे. पुणं लागतंय का बघती."

रविवारी तिसऱ्या सामन्यात रोहिणीला पहिल्या दहा मिनिटांत सहा फ्री थ्रो मिळाले. सहाही आत. आपल्या बाकावर लोक उभे राहिले. आप्पासाहेबांनी जर्सीकडे समाधानानं पाहिलं.

राहात्याचे सरही बघतच होते. ते मुलींना ओरडले, "तिला धक्का लावू नका गं! हात मागं घ्या!"

धक्का नाही तर फाउल नाही, फाउल नाही तर फ्री थ्रो नाही. राहात्याच्या मुली इतक्या अदबीनं खेळू लागल्या की बघणाऱ्याला वाटावं, पाहुणी जेवायला बसलीय. रोहिणी पळता पळता चेंडू टाकी, तो फूटभर अलीकडे पडे. खड्ड्यातून पळण्याचा सराव कुणी घेतला नव्हता. शेवटच्या चार मिनिटांत तिचा हात बसला. तीन चेंडू लागोपाठ आत गेले. तोवर आपण एकोणीस गुणांनी मागं होतो.

सोमवारी सर ट्रॉलीपाशी आले. भांडी, सरपण, शेळी चढली होती.

"सर, हात बसला हुता की न्हाई?" रोहिणीनं विचारलं.

"बसला होता."

"मग ऱ्हायलेले दोन सामने खेळू की. चषक त्यास्नी घेऊ द्या. वसतिगृहवाल्यांनी नुसतं बघायला यावं."

तसं कुठं नसतं, हे सरांना ठाऊक होतं. तरी त्यांनी तिथूनच फोन लावला. राहात्याचे सर भले निघाले. म्हणाले, मुली तयार आहेत, निवड समितीतल्या एकाला मी आणतो, तुमची पोर कधी येते सांगा.

सरांनी फोनवर हात ठेवला. "भागूबाई, परत कधी?"

"कारखाना बंद व्हईल तवा. चैत लागंल."

सरांनी तसं सांगितलं. बराच वेळ ऐकून घेतलं. मग फोन खिशात ठेवला.

"काय म्हनले?" रोहिणीनं विचारलं.

"वसतिगृहाची यादी शुक्रवारी लागते."

भागूबाईनं वरून हात दिला. "चल गं, शेळीला धर. उडी टाकील ती."

रोहिणी चढली आणि तिनं शेळीला धरलं.