कोरी धार

माझ्या दाजींकडे अकरा सुऱ्या होत्या आणि त्यातल्या एकीनेही कधी साधा दोरा कापला नव्हता. हे मी चारचौघांत छातीवर हात ठेवून सांगायचो, कारण मी सुतार आहे आणि धार हा माझा रोजचा विषय. माझी लाकूड कोरायची पटाशी बघा. वडिलांच्या हातात वीतभर होती, आता चार बोटं उरली आहे. घासून घासून संपत आली, पण चालते. दाजींचा शौक नेमका उलटा. सुरी आणायची, उजेडात फिरवून बघायची, तेलाच्या फडक्याने पुसायची आणि ठेवून द्यायची. मी थट्टेने म्हणायचो, दाजी, तुमच्या सुऱ्या जन्मल्याच पेन्शनीवर. ते हसायचे नाहीत. एकदा म्हणाले, "वापरली की ती सुरी राहत नाही, मेहुणे. भांडं होतं."

त्या सुऱ्यांचं काचेचं कपाटही माझ्याच हातचं. एकेक सुरी कागदावर ठेवून पेन्सिलीने कडेकडेने आखली, अकरा नमुने कापले आणि त्यांच्यावरून फळीत अकरा खाचा कोरल्या. आत मखमल. ज्या सुरीची जी खाच, तिच्यात दुसरी बसायची नाही. त्या घरातलं माझं सगळ्यात सुबक काम ते. नमुने दोऱ्यात ओवून माझ्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या खिळ्याला अडकवले, ते तिथेच राहिले.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा मला न्हाऊमाखू घालायचं, शाळेत सोडायचं, सगळं तिनेच केलं. तिच्या तोंडून कुणाची तक्रार मी कधी ऐकली नव्हती. ती एका दुपारी कापडी पिशवी घेऊन कारखान्यात आली, भुशातल्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, काही दिवस मला तुझ्याकडे राहू दे.

हळूहळू सांगितलं तिने. जेवायला बसलं की हे कपाटातून एक सुरी काढतात, तेलाने पुसतात आणि माझ्या ताटाच्या उजव्या हाताला ठेवतात. टोक माझ्याकडे. बोलत काही नाहीत, निवांत जेवतात. जेवण झालं की पुन्हा पुसून जागेवर. भाजीत मीठ कमी पडलं, मी तुला फोन केला, की दुसऱ्या दिवशी त्याहून मोठी सुरी. लग्नाला चौदा वर्षं झाली, तेव्हापासून हेच.

मी रंधा खाली ठेवला. कधी उगारली का, विचारलं. नाही. अंगाला लावली? नाही.

"मग वापरली तर नाही ना, ताई?"

खोटं बोलणं तिला जमत नाही. देवाला भिऊन वागणारी बाई, माझ्यासमोरसुद्धा एक अक्षर वाढवून सांगणार नाही.

"नाही," ती म्हणाली. "वापरली नाही."

मला जे येतं, त्यानेच माझा घात केला. मी तिला घेऊन तिच्या घरी गेलो आणि दाजींना म्हणालो, बरेच दिवस झाले, जरा सुऱ्या दाखवा की. त्यांनी आनंदाने कपाट उघडलं. मी अकराच्या अकरा हातात घेतल्या, अंगठ्याने धार चाचपली, डोळ्यासमोर धरून पाती पाहिली. ओरखडा नाही, टवका नाही, धार लावायच्या दगडाची एक रेघ नाही. घडवणाऱ्याकडून आल्या तशाच. निघताना दारात ताईला हळूच म्हटलं, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. धार कोरी आहे. मला धार कळते.

"तुला कळते," ती म्हणाली, "म्हणून तर तुझ्याकडे आले होते."

चार महिन्यांनी दाजींनी जेवणाचं टेबल टेम्पोत घालून माझ्याकडे पाठवलं. ऑफिसचे साहेब सुऱ्या बघायला येणार होते, टेबल घासून पॉलिश करून हवं होतं. मी वरचं मेण काढलं, तर एका कडेला काळपट डाग. वाटलं, रंध्याचे दोन हात मारले की जाईल. साली निघत गेल्या, डाग हलेना. उलट ठळक झाला. लाकूड तेल पितं, पण इतकं खोल प्यायला वर्षं जावी लागतात.

ताई बसते तीच ती कडा. लांबट डाग, एका टोकाला निमुळता, आणि तो निमुळता भाग खुर्चीकडे.

मी खिळ्यावरचे नमुने काढले. चौथा नमुना डागावर ठेवला, बसला. सातवा ठेवला, त्याच्याबाहेर फिकट कडा होती, तिच्यावर बरोब्बर बसला. अकरावा सगळ्यात लांब. त्याचं टोक टेबलाच्या अगदी कडेपर्यंत गेलं. त्याच्यापुढे फक्त माणूस.

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण हात जोडवेनात. ज्या अंगठ्याने मी ती धार चाचपली होती, तोच अंगठा कपाळाला कसा लावू?

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. ताई आतल्या दाराशी बसली होती. म्हटलं, ताईला न्यायला आलोय. दाजी अगदी शांत होते. कशाबद्दल, म्हणाले. हात लावलाय मी तिला? कपाट उघडून म्हणाले, "यातली एक तरी वापरलेली दाखवा. तुम्हीच तपासल्यात ना?"

मी टेबलाचं सांगायला तोंड उघडलं. त्यांनी एक सुरी काढली, फडक्याने पुसली आणि आमच्यामधल्या तिपाईवर ठेवली. टोक माझ्याकडे. बाकी काही केलं नाही. पेपर उचलून वाचायला लागले.

दिवसभर मी पटाश्या आणि करवतींमध्ये वावरतो. बोटं कितीदा कापली, मोजदाद नाही. तरी टेबल, डाग, नमुने, सगळं सांगायचं राहिलं. हात मांडीवरून उचलेना. किती वेळ गेला कोण जाणे, कदाचित मिनिटभरच असेल. ताईने ते चौदा वर्षं दोन्ही वेळा, घास गिळत काढलं होतं.

उठली तीच. दाराआडून कापडी पिशवी काढली. मला दिसलं, ती त्या दुपारीच भरलेली होती, चार महिन्यांत रिकामी केलीच नव्हती. तिने माझ्या दंडाला धरलं, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसं, आणि आम्ही बाहेर पडलो. मागे पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

याला आता दीड वर्ष झालं. माझी बायको तिला जपते, ताट आधी तिचं वाढते. पण ताई ताट जरा डावीकडे सरकवते. उजवीकडे हातभर जागा रिकामी सोडते आणि मग पहिला घास घेते. तिथे आम्ही पाण्याचा तांब्या ठेवून पाहिला. तिने तो न बोलता उचलून पलीकडे ठेवला.

मग मी मुद्दाम तिच्यासाठी छोटं टेबल केलं. एक ताट मावेल एवढंच, कडेला बोटभरसुद्धा जागा नाही. तिने त्याच्यावरून हात फिरवला, छान झालंय, म्हणाली.

ती ताट मांडीवर घेऊन जेवते. टेबल समोर रिकामं असतं.