बेखमीर रोटी

आमच्या जालन्याच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत सगळ्यांना तुकडा तुकडा वाटायची रोटी सत्तावीस वर्षं मी केली. बेखमीर रोटी, म्हणजे पीठ अजिबात आंबवायचं नाही; नुसतं पीठ आणि पाणी, मीठसुद्धा नाही. दवाखान्यात नर्स होते तेव्हा रात्रपाळी करून आले तरी रविवारी पहाटे तवा ठेवायचेच. आणि या महिन्यात पाळकसाहेबांनी मला न विचारता ते काम सखूबाईला दिलं.

सखूबाई जाफराबादकडची. सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला, अजून गीतांचं पुस्तक उलटं धरते. पण कोणी आजारी पडलं की ही उशाशी हजर. मंडळीतल्या रामरावांचं अर्धं अंग लुळं पडलं, तेव्हा त्यांची अंथरुणं धुण्यापासून सगळं हिनं केलं. "सखूबाई म्हणजे संतच," असं जो तो म्हणतो. पाळकसाहेब तर सांगतात, प्रभूवर विश्वास ठेवणारा प्रत्येक जण संत आहे. सगळेच संत, तर मग कौतुक हिचंच का? मी काय कोणाचं घोडं मारलं होतं?

शनिवारी ती मस्तगडला माझ्या घरी आली. "मोनिकाबाई, पिठात काय टाकता तुम्ही? मला कोणी सांगितलंच न्हाई."

"दही टाक," मी म्हणाले. "चिमूटभर सोडा. रात्रभर झाकून ठेव, मऊ होते." जीभ जराही अडखळली नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी मेजावरचं फडकं उचललं. रोटी पावासारखी फुगलेली, आंबूस वास पहिल्या बाकापर्यंत.

"सखूबाई, हे असं करायला कोणी सांगितलं?"

तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नाव घेणार.

"कोणी न्हाई, साहेब. माझंच चुकलं."

पाळकबाई नवी रोटी करायला घरी धावल्या. तोवर आम्ही पाच गीतं गायलो. मी एकही सूर चुकले नाही आणि आतून नुसती जळत होते. हिची फजिती करायला गेले, तर ही आणखी एक पायरी वर चढून बसली!

भोजनाआधी आमच्यात रीत आहे, कोणाशी वाकडं असेल तर आधी उठून समेट करायचा. सखूबाई उठली आणि माझ्यापुढे येऊन तिनं हात जोडले. "तुमचं काम माझ्याकडं आलं, तुमाला वाईट वाटलं असंल. माफ करा, बाई."

यातही हिचाच पहिला नंबर! मला राहवलं नाही. पश्चात्ताप वगैरे नंतरचा. तिच्या उपकाराखाली मला जगायचं नव्हतं. मी उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "दही मीच सांगितलं होतं. मुद्दाम."

पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "बघा. मोनिकाबाई दुसऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेतात. संत म्हणतात ते हेच."

"नाही हो, खरंच मी..." पण लोक माना डोलावत होते. मागून कोणीतरी पाठ थोपटली. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी जीव टाकला तो मिळाला, आणि तोही खोटा. खरं काय ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं.

रोटीची ताटली माझ्यापर्यंत आली. मी न घेताच पुढे सरकवली. शेजारी सखूबाई होती. तिनं आपल्या वाट्याचा तुकडा मोडला आणि अर्धा माझ्या तळहातावर ठेवला.

"घ्या, बाई. माझ्याकडून तर कवाच मिटलं."

मी रडत रडत तो खाल्ला. खरं सांगते, तेव्हाही मला तिचा हेवा वाटत होता.